७८६, ७५० आणि दगडांचं कुंपण

माघ पौर्णिमेच्या आसपास सालेकसा तालुक्यातल्या रस्त्यांवर एक आकडा सारखा डोळ्यांपुढे येतो : ७५०. जीपच्या काचेवर, मोटरसायकलच्या मडगार्डवर, सतरंगी झेंड्यासोबतच्या फलकावर. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून कचारगडच्या यात्रेला येणाऱ्या गोंड भाविकांसाठी हा त्यांच्या साडेसातशे कुळांचा आकडा. त्याच रस्त्यावरून आमच्या बिरादरीतला एखादा टेम्पो जातो, त्याच्या कपाळावर ७८६ असतं. ही बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद पद्धतीने केलेली बेरीज. (आकड्याने बिस्मिल्लाहची जागा घेऊ नये असं सांगणारे उलेमा बरेच आहेत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण टेम्पोवाल्याला कोण सांगणार?)

दोन्ही आकडे तीन अंकी, आणि इंटरनेटवरच्या नावांच्या बाजारात तीन अंकी नावाला सोन्याचा भाव आहे. हिशेब सोपा आहे. तीन शून्यांपासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंत तीन अंकांची डॉट कॉम नावं बरोबर एक हजार होतात. एक हजार एकावं कुणालाच बनवता येत नाही. ही सगळी नावं कधीच घेतली गेली आहेत. त्यातलं ३६० डॉट कॉम चीनच्या चिहू कंपनीने २०१५ मध्ये व्होडाफोनकडून १ कोटी ७० लाख डॉलरला घेतलं. ७८६ आणि ७५० हीसुद्धा त्या हजारातलीच दोन. त्यांच्यामागची श्रद्धा बाजाराला ठाऊक असो वा नसो, तीन अंकी म्हणून किंमत आहेच.

अक्षरांचंही तसंच. दोन रोमन अक्षरांची डॉट कॉम नावं ६७६, तीन अक्षरांची १७,५७६, चार अक्षरांची ४,५६,९७६. एका अक्षराची तर जवळपास नाहीतच. इंटरनेटची नावनोंदणी ज्यांच्या हाती होती त्या जॉन पोस्टेल यांनी १९९३ मध्ये उरलेली एकाक्षरी नावं राखून ठेवली, आणि त्याआधी ज्यांनी घेतली होती ती क्यू, एक्स आणि झेड एवढीच डॉट कॉममध्ये राहिली. झेड निसान मोटार कंपनीकडे होतं, ते २०१४ मध्ये जपानच्याच जीएमओ कंपनीने ८० कोटी येनला घेतलं. एक्स इलॉन मस्क यांनी २०१७ मध्ये पेपालकडून परत विकत घेतलं आणि सहा वर्षांनी ट्विटरला तेच नाव दिलं. एफबी डॉट कॉम हे अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या संघटनेचं, फार्म ब्युरोचं होतं. २०१० मध्ये फेसबुकने त्यांना या दोन अक्षरांचे ८५ लाख डॉलर मोजले. धानाच्या बोनसची वाट बघत बसणाऱ्या आमच्या गोंदिया जिल्ह्यात ही गोष्ट मी दोन-तीन शेतकऱ्यांना सांगून पाहिली. एकाने विचारलं, अक्षरं पेरली कधी होती?

आपल्याकडे हा बाजार उशिरा आला. डॉट इन नावांची नोंदणी पूर्वी मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संगणकसंस्थेकडे होती. नियम कडक, कागदपत्रं भरपूर. त्यामुळे १९९२ ते २००४ या बारा वर्षांत सगळी मिळून सातेक हजार नावं नोंदली गेली. २००५ च्या सुरुवातीला ही नोंदणी सगळ्यांसाठी खुली झाली आणि मग धावाधाव सुरू झाली. मात्र नावांच्या धंद्यात पैसा आहे हे मुंबईच्या तुरखिया बंधूंनी त्याआधीच ओळखलं होतं. भाविन आणि दिव्यांक या दोघांनी १९९८ मध्ये वडिलांकडून २५ हजार रुपये घेऊन डायरेक्टी कंपनी काढली आणि डोमेन नावं विकायला सुरुवात केली. पुढे त्यांनी रिकाम्या पडलेल्या नावांवर जाहिराती लावून पैसे मिळवून देण्याचाही व्यवसाय उभा केला. आपण चुकून एखादं नाव टाकतो आणि समोर नुसत्या जाहिरातींचं पान येतं, ते हेच. त्याला पार्किंग म्हणतात. गाडी उभी करावी तसं नाव उभं करून ठेवायचं, गिऱ्हाईक येईपर्यंत.

माझ्या भाच्याने अशी त्रेचाळीस नावं उभी करून ठेवली आहेत. पोरगा हुशार आहे, नागपुरात एका कंपनीत नोकरी करतो, रात्री हा जोडधंदा. कुठली लिलावाची साईट कधी उघडते, कुठल्या नावाची मुदत कधी संपते, हे त्याला नमाजच्या वेळांसारखं पाठ आहे. मुदत संपली की मालकाला थोडे दिवस सवलत असते, मग जास्त दंड भरून सोडवण्याची महिनाभराची मुभा असते, तेही झालं की नाव सुटतं, आणि त्या क्षणाला जगभरची यंत्रं त्यावर झडप घालतात. भाचा सांगतो तेव्हा मला तळ्याचं पाणी सोडल्यावर मासळीवर पडणारी पोरं आठवतात.

त्याचं आवडतं वाक्य आहे, "मामू, ही जमीन आहे. माणसं वाढतात, जमीन वाढत नाही." अर्धं खरं आहे. चार अक्षरी नावं वाढणार नाहीत हे नक्की. पण जमिनीचा सातबारा एकदा नावावर झाला की दरवर्षी पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. डोमेनचं तसं नाही. ते भाड्याने मिळतं, जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी एका वेळी, आणि भाडं चुकलं की गेलं. त्रेचाळीस नावांचं वर्षाचं भाडं सुमारे अडतीस हजार रुपये. या धंद्यातली जुनी माणसंच सांगतात की शंभर नावं धरून बसलात तर वर्षाला एखाद-दुसरं विकलं जातं. बातमी होते ती त्या एकाची. उरलेली अठ्ठ्याण्णव गुपचूप भाडं खात राहतात.

शिवाय टंचाई आहे म्हणून भाव चढतच राहील असंही नाही. २०१५ च्या अखेरीस चिनी गुंतवणूकदारांनी चार अक्षरी डॉट कॉम नावांवर उडी घेतली. त्यातही ए, ई, आय, ओ, यू आणि व्ही नसलेली नावं त्यांना हवी होती, कारण चिनी शब्दांची रोमन आद्याक्षरं म्हणून ती चालून जातात. काही महिन्यांत भाव कित्येक पटींनी चढले. २०१६ मध्ये ते उतरले आणि ज्यांनी शिखरावर घेतली होती त्यांच्याकडे क्यूझेडएक्सके सारखी नावं राहिली, जी उच्चारताही येत नाहीत. नावाला मोल येतं ते कुणाच्या तरी तोंडात असण्याने. जे नाव कुणी घेतच नाही ते आखूड असून काय उपयोग? हे मी भाच्याला म्हणालो तेव्हा तो म्हणाला, "म्हणून तर मी लोकांच्या तोंडातली नावं शोधतो." त्याच्याकडे मी पुन्हा येतो.

गेल्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना त्याने फोन केला. प्रश्न बिनतोड होता. विकण्याच्या नियतने घेतलेली वस्तू म्हणजे व्यापारी माल, आणि व्यापारी मालावर चांद्रवर्ष पुरं झाल्याच्या दिवशीच्या बाजारभावाने अडीच टक्के जकात. डोमेन हा माल आहे का? असेल तर बाजारभाव कुठला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अवघड नाही. व्यापारी नाव, ट्रेडमार्क, लेखनाचे आणि शोधाचे हक्क यांना आर्थिक मूल्य आहे आणि फसवणूक नसेल तर त्यांची खरेदी-विक्री करता येते, असा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत केलेला आहे. डोमेन त्याच जातीची वस्तू. म्हणजे नावं विकणं हा मुळात हराम धंदा नाही. आमच्यातले काही लोक इंटरनेटवरच्या कुठल्याही कमाईकडे संशयाने बघतात, त्यांनी हा ठराव वाचावा.

दुसऱ्या प्रश्नात खरी मजा. भाच्याच्या वहीत त्रेचाळीस नावांची किंमत बारा लाख लिहिलेली आहे. हे आकडे नावांची किंमत सांगणाऱ्या साईटवरून आलेले. तिथे कुठलंही नाव टाका, काहीतरी गोड आकडा येतोच. बारा लाखांवर जकात तीस हजार. भाचा म्हणाला, "पण मामू, आज विकायला काढली तर कोण घेणार? आज त्यांची किंमत मी भरलेल्या भाड्याएवढीच." म्हणजे अडतीस हजार. जकात साडेनऊशे. मी त्याला म्हणालो, मग वहीतला आकडाही अडतीस हजार कर आणि तोच आकडा तुझ्या अम्मीला सांग, जी मोहल्लाभर सांगत फिरते की लेकाने बारा लाखांची इस्टेट केली. गिऱ्हाइकाला बारा लाख आणि गरिबाला अडतीस हजार, असे दोन काटे एका दुकानात चालत नाहीत. शेवटी त्याने मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नावांचा सरासरी भाव काढला, त्यावरून बाकीच्या नावांचा अदमास बांधला आणि सव्वा लाखावर जकात दिली. मला ते रास्त वाटलं.

पण त्या सव्वा लाखात एक नाव असं होतं ज्यावर आमचं एकमत झालं नाही, अजून झालेलं नाही.

कचारगडची कथा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोंडांच्या कोया पुनेम परंपरेत असं मानतात की काली कंकाली मातेची पोरं इथल्या गुहेत कोंडली गेली होती. दारावर मोठी शिळा. धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि पोरांना मायेने सांभाळणारी जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली, आणि त्यांच्यासोबतचा संगीतकार हिरासुका पाटालीर शिळा हटवताना तिच्याखाली गेला. सुटलेल्या पोरांपासून पुढची कुळं. आचार्य मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी या परंपरेवर पुस्तकं लिहिली आणि गेल्या चारेक दशकांत ही यात्रा फार मोठी झाली. मुंबई-हावडा मार्गावरच्या दरेकसा स्टेशनावर उतरायचं, तिथून धनेगावच्या बाजूने डोंगराच्या पायथ्याशी जायचं. आमचे अब्बा यात्रेत टॉर्च आणि सेल विकायचे. गुहेत अंधार, म्हणून टॉर्च. "जय सेवा" म्हणून गिऱ्हाईक यायचं, अब्बाही "जय सेवा" म्हणायचे, आणि भावात फरक करायचे नाहीत.

भाच्याने अडीच वर्षांपूर्वी घेतलेलं एक डॉट कॉम नाव या परंपरेतल्या शब्दाचं आहे. सात रोमन अक्षरं. ते इथे लिहीत नाही. बाजाराच्या मोजमापाने ते फार आखूड नाही, पण कचारगडच्या बाबतीत ते आखूडच, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. महाराष्ट्रातला माणूस रोमनमध्ये कचारगड लिहिताना शेवटी डी लिहितो, मध्य प्रदेशातला आणि छत्तीसगडचा आर-एच. कुणी मध्ये एक ए जास्त टाकतो, कुणी सीएचएच लिहितो. एकाच जागेचे पाच-सहा पत्ते. भाच्याचा शब्द सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिला जातो. आखूड नावाची खरी किंमत हीच असते. फोनवर सांगितलं, समोरच्याने न चुकता टाइप केलं, संपलं. अक्षरं कमी म्हणजे चुकण्याच्या जागा कमी.

सालेकसा तालुक्यातली तीन गोंड पोरं माझ्याकडे आली. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. त्यांना यात्रेची माहिती देणारं पान करायचं होतं : गाड्या कुठल्या थांबतात, पिण्याचं पाणी कुठे, हरवलेलं लेकरू कुठे आणून द्यायचं, आणि सोबत गोंडी शब्दांचा छोटा संग्रह. तो शब्द त्यांनी टाकून पाहिला तर पानावर लिहिलं होतं, हे नाव विक्रीस आहे. विक्रेता माझा भाचा निघेल हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्याने त्यांना साठ हजार सांगितले होते. माझा फोन गेल्यावर चाळीसवर आला. पोरांनी वर्गणी काढून सात हजार जमवले होते. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याच शब्दाचे आम्ही चाळीस हजार द्यायचे?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

कायदा त्यांच्या बाजूने उभा राहील असं मला वाटलं होतं. शोधून पाहिलं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफच्या खटल्यात रॅडिफ नावाच्या नकली पत्त्याला रोखलं होतं आणि डोमेन म्हणजे नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळायला हवं, असं ठरवलं होतं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा धरली. डॉट कॉमसाठी १९९९ पासून एक आंतरराष्ट्रीय तंटा-निवारणाची पद्धत आहे. पण या सगळ्यांत पहिला प्रश्न एकच : तुमचा ट्रेडमार्क कुठे आहे? कंपनीकडे तो असतो. हॉटस्टार आणि जिओ एकत्र येतील हे आधीच हेरून दिल्लीच्या एका तरुणाने दोन्ही नावं जोडून डोमेन घेतलं आणि २०२४ मध्ये परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला, तेव्हा रिलायन्सच्या मागे वकिलांची फौज होती. गुहेचा ट्रेडमार्क नसतो. लिंगोने नोंदणी केली नव्हती.

तेव्हा मी आपल्या घरच्या कायद्यात शोधलं. साठेबाजी, म्हणजे इहतिकार, हदीसमध्ये निषिद्ध आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण कशाची साठेबाजी? इमाम अबू हनीफांच्या मते माणसांच्या आणि जनावरांच्या खाण्याच्या वस्तूंची. त्यांचेच शिष्य अबू युसूफ म्हणतात, जी वस्तू अडवून ठेवल्याने लोकांचं नुकसान होतं अशा कुठल्याही वस्तूची. भाचा साहजिकच गुरूंच्या बाजूला गेला. "मामू, डोमेन कोण खातं?" हनफी माणसाने अबू हनीफांचा आधार घेतला तर त्याला काय बोलणार! पण मला वाटतं हा प्रश्न साठेबाजीच्या प्रकरणात नाहीच. तो जमिनीच्या प्रकरणात आहे, आणि जमिनीची उपमा तर त्याचीच.

फिकहमध्ये पडीक जमिनीचा एक सुंदर भाग आहे. जी जमीन कुणाची नाही, ती जो कसून जिवंत करील त्याची. मात्र नुसते दगड मांडून हद्द आखली, काटेरी कुंपण घातलं, तर ती जमीन त्याची होत नाही. त्याला तहजीर म्हणतात. दगड मांडणाऱ्याला फक्त पहिली संधी मिळते, आणि तीही तीन वर्षं. हजरत उमर यांचा निर्णय असा सांगितला जातो की तीन वर्षं नुसते दगड ठेवणाऱ्याचा हक्क उरत नाही. हनफी ग्रंथांनी तोच धरला आहे : तीन वर्षांत कसली नाही तर ती काढून दुसऱ्याला द्यावी.

गंमत अशी की हाच कायदा आमच्या या मुलखात गोंड राजांनीही चालवला होता. चांद्याचा राजा हीरशहा याच्याबद्दल नोंद आहे की जो जंगल साफ करून गाव वसवील त्याला त्या गावाची सनद, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन, असं त्याने जाहीर केलं. भंडारा-गोंदियातले जुने तलाव, ज्यांना आता सरकारी कागदांत माजी मालगुजारी तलाव आणि बोलण्यात मामा तलाव म्हणतात, ते याच वळणाच्या व्यवस्थेतून उभे राहिले. बांधणारे बहुतेक कोहळी समाजाचे. नवेगावबांधचा अफाट जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पाणी अडवलं म्हणून जमीन मिळाली. पाटी लावली म्हणून नव्हे.

मदिना आणि चांदा यांत किती अंतर, किती शतकं! दोन्हीकडे माणसांना एकच गोष्ट दिसली.

भाच्याचा युक्तिवाद मात्र कच्चा नव्हता, तो इथे सांगायला हवा. तो म्हणाला, आरटीओत गाडीच्या नंबरला पैसे पडतात तेव्हा कुणी फिकह काढत नाही. खरंच आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चारचाकीच्या ०००१ ची फी ३ लाखांवरून ५ लाख केली, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ती ६ लाख, आणि ०७८६ साठी आमचे लोकही रांगेत असतातच. पण फरक बघा. तो पैसा सरकारी खजिन्यात जातो, आणि नंबर घेतला तर तो गाडीला लावावा लागतो. त्रेचाळीस नंबर घेऊन घरात ठेवता येत नाहीत.

जगात दोन्ही तऱ्हा आहेत. देशांना इंटरनेटवर दोन अक्षरं मिळाली ती एका प्रमाणयादीतून. कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाच्या वाट्याला एआय आलं. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ मध्ये जेमतेम पंधरा-सोळा हजार वस्तीच्या त्या बेटाच्या सरकारला या दोन अक्षरांतून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. दुसरीकडे हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या वाट्याला आयओ आलं. तिथली माणसं १९६८ ते १९७३ या काळात हुसकावून लावली गेली, तिथे लष्करी तळ झाला, आणि आयओची नावं जगभरच्या संगणक कंपन्यांना विकली गेली. बेटावर जन्मलेल्या म्हाताऱ्यांच्या हाती त्यातलं काही पडलं नाही. भाच्याला मी हे दोन्ही सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "मी कुणाला हुसकावलं नाही, मामू. नाव मोकळं पडलं होतं." तेही खरं आहे. मोकळं पडलं होतं, कारण ज्यांचं ते होतं त्यांच्या गावात तेव्हा नेटवर्क नीट येत नव्हतं.

पोरांनी मग दुसरा रस्ता शोधला. डॉट भारत ही देवनागरी नावं २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळू लागली आहेत, सुरुवातीला मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी अशा आठ भाषांसाठी. त्या बाजारात फारशी गर्दी नाही, कारण तिथे आखूडपणाचं गणितच बिघडतं. 'गोंडी' हा शब्द आपल्याला दोन अक्षरी दिसतो. संगणक त्यात ग, ओकाराची मात्रा, अनुस्वार, ड आणि ईकार अशी पाच चिन्हं मोजतो, आणि पत्ता शोधताना त्याचं एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं लांबलचक रोमन कडबोळं करतो. अजूनही कित्येक फॉर्म आणि ईमेल असा पत्ता घेत नाहीत. दलालांना म्हणून त्यात रस नाही. गोंडीच्या स्वतःच्या लिप्या, मसराम आणि गुंजाला, २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आल्या, पण डॉट भारतची सोय आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपुरती आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी मातृभाषा सांगितली, तरी ती त्या यादीत नाही.

तर पोरांनी मराठीच्या दारातून आत जाऊन देवनागरीत एक लांब नाव घेतलं, वर्षाला काही शे रुपयांत. उरलेल्या पैशांत फ्लेक्स छापले. त्यावर नाव मोठ्या अक्षरांत, खाली क्यूआर कोड. मी या वर्षीच्या यात्रेत दरेकसा स्टेशनाबाहेर अर्धा तास उभा राहून पाहिलं. पत्ता टाइप करताना एकही माणूस दिसला नाही. लोक मोबाईल समोर धरत होते आणि पान उघडत होतं. एका आजीबाईंना वाचता येत नव्हतं, त्यांनी नातवाला विचारलं, काय लिहिलं आहे? त्याने पूर्ण नाव मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी ते त्याच्यामागून एकदा म्हटलं, आणि पुढे निघाल्या.

भाच्याच्या नावाला येत्या सप्टेंबरात तीन वर्षं पुरी होतात. भाडं भरण्याची मेल त्याला येईलच. मी त्याला एवढंच कळवलं आहे की तारीख माझ्याही लक्षात आहे, आणि भाड्याएवढे पैसे माझ्याकडे आहेत.